आमच्या शंकरपटाचं अपील कोर्ट

सेमिनारचे विषय चिठ्ठ्यांवर होते. मॅडमनी टेबलावर प्लास्टिकचा डबा ठेवला आणि एकेकाने येऊन चिठ्ठी उचला म्हणाल्या. मी उठेपर्यंत सगळे उठले होते. माझं नेहमी असंच होतं. उठावं की न उठावं याचा विचार पुरा होईस्तोवर रांग संपते. कोणाला जामिनाचा विषय आला, कोणाला पोटगीचा, कोणाला ग्राहक मंचाचा. डब्याच्या तळाशी एक चिठ्ठी उरली होती, ती माझी. तिच्यावर लिहिलं होतं, ‘अमेरिकेतील विशेष संघीय अपील न्यायालय व तेथील न्यायाधीशांची नेमणूक’.

मी चिठ्ठी उलटून पाहिली. मागे काहीतरी सोपं लिहिलं असेल असं वाटलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वर्ध्याला लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते, हॉस्टेलवर राहत होते. घराचा कोर्टाशी संबंध एवढाच, की बाबा एकदा फेरफारासाठी तहसीलमध्ये गेले होते आणि परत आल्यावर दोन दिवस कोर्टकचेरी करून दमलेल्या माणसासारखे वागले होते. तेव्हा घरी कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. मी लायब्ररीत डावीकडे पुस्तक आणि उजवीकडे डिक्शनरी घेऊन बसले आणि आठ दिवसांत वहीची सहा पानं भरली.

हे न्यायालय वॉशिंग्टनला आहे. तिथली इतर अपील न्यायालयं प्रदेशानुसार वाटलेली आहेत, हे मात्र विषयानुसार. पेटंटचे वाद, परदेशी व्यापाराचे, सरकारी कंत्राटांचे, माजी सैनिकांच्या हक्कांचे असे ठरावीक खटले देशभरातून याच्याकडे येतात. एकूण बारा न्यायाधीश, एका खटल्याला साधारण तिघं बसतात. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, मग सिनेट त्या माणसाला समोर बसवून प्रश्न विचारते आणि मंजुरी देते. एकदा मंजुरी मिळाली की वागणूक चांगली असेपर्यंत, म्हणजे जवळजवळ आयुष्यभर, पद राहतं. न्यायाधीशाने राजधानीपासून पन्नास मैलांच्या आत राहायला हवं, असाही नियम आहे. आणि पेटंटचे खटले ऐकणारा माणूस स्वतः इंजिनीअर किंवा शास्त्रज्ञ असलाच पाहिजे, असं नाही. या शेवटच्या ओळीखाली मी दोन रेघा मारल्या. एखाद्या विषयातलं फार न कळताही त्यावर बसता येतं, हे वाचून मला कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदा बरं वाटलं.

अडचण बोलण्याची होती. सेमिनार पंधरा मिनिटांचा, तोही कागद न बघता. पहिल्या वर्षी एका तासाला मॅडमनी प्रश्न विचारला तेव्हा मी उभी राहिले, “मॅडम, मला येतं, पण” एवढं बोलले आणि खाली बसले. हॉस्टेलमध्ये मला त्यानंतर वर्षभर ‘येतं पण’ म्हणत.

तसं मोठ्याने बोलायची मला सवय नव्हती असं नाही. बारावीपर्यंतचा सगळा अभ्यास मी मोठ्याने वाचूनच केला, फक्त तो गोठ्यात केला. घरात टीव्ही असायचा, गोठ्यात शांतता. ऐकायला एक पांढरा गोऱ्हा होता. मी पालथ्या टोपल्यावर बसून नागरिकशास्त्र वाचायची आणि तो माझ्या ओढणीचं टोक चघळत ऐकायचा. तो शंका विचारत नसे. बारावीनंतर बाबांनी त्याला गुरांच्या बाजारात विकलं, मी वर्ध्याला आले, आणि माझा चांगल्यातला चांगला श्रोता गेला.

सेमिनारच्या आधी आठवडाभर सुट्टी होती. मी गावी गेले. हिंगणीच्या पुढे, बोरच्या जंगलाकडे आमचं गाव आहे. आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती, बाबा वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, घासत होते. मी त्यांनाच श्रोते धरून सेमिनार सुरू केला. बाबांनी मध्ये एकदाच हात थांबवला.

“म्हंजे मशीनचं भांडन, अन् निकाल देनाऱ्याले मशीन नाई समजत, तरी चालते?”

“चालते. त्याने दोन्ही बाजू नीट ऐकायच्या अन् नियम लावायचा.”

बाबा पास घासायला लागले. आईने विचारलं की त्या बारा जणांत बाया किती, आणि मला ते माहीत नव्हतं. वहीत मी त्याची नोंद केली, कारण मॅडमनीही नेमकं तेच विचारलं असतं.

बाबांना विषय एवढा आवडेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते चहाच्या टपरीवर तो सगळा सांगून आले, आणि संध्याकाळी आबाजी आमच्या घरी आले. आबाजी म्हणजे आमच्या गावच्या शंकरपट समितीचे अध्यक्ष. माझे सख्खे आजोबा नव्हेत, पण गावातले सगळेच त्यांना आबाजी म्हणतात. दरवर्षी जानेवारीत आमच्या शिवारात बैलजोड्यांची शर्यत, म्हणजे शंकरपट भरतो. एकेक जोडी सरळ पट्ट्यावरून पळते आणि सेकंद मोजले जातात. आमच्याकडची रीत अशी, की पंचाचा निकाल ज्याला पटला नाही तो आपली जोडी सोडून पट्ट्याच्या मधोमध जाऊन बसतो. तो उठेस्तोवर पट बंद. मागच्या वर्षी एक जण असा बसला, त्याची समजूत काढता काढता सूर्य मावळला आणि शेवटच्या नऊ जोड्या न पळताच घरी गेल्या.

“तुया बाप म्हन्ते का अमेरिकेत याच्यासाठी येगळं कोर्ट हाय,” आबाजी मला म्हणाले.

मी म्हटलं, बैलांसाठी नाही, पेटंटसाठी. आबाजींना हा फरक महत्त्वाचा वाटला नाही. एकाच विषयाचं अपील एकाच जागी, हे त्यांना पटलं होतं. ज्याला तक्रार असेल त्याने पट्ट्यावर न बसता अपिलाच्या टेबलाशी यायचं. मग त्यांनी विचारलं की जज नेमतात कसे, आणि मी, माझं दुर्दैव, अगदी मुद्देसूद सांगितलं. अध्यक्ष नाव सुचवतो. सभा प्रश्न विचारते. सभा मंजूर करते. ज्याला विषयातलं काही कळत नाही असा माणूसही चालतो.

“बैलातलं काईच नाई समजत असं गावात कोन हाय?” आबाजींनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण नाही म्हणावं की म्हणू नये याचा विचार चालू असतानाच आबाजी चहा संपवून उठले होते. ते निघताना मी एवढंच म्हणू शकले की तिथे तीन जज बसतात. आबाजी चपला घालत म्हणाले, “तीन कुठून आनू? तूच तीनदा इचार करजो.”

माझी सिनेट मारुतीच्या देवळासमोर भरली. तीस-चाळीस माणसं सतरंजीवर, मी समोर खुर्चीत. गावात मोठ्या माणसांपुढे खुर्चीत बसायची ही माझी पहिली वेळ, म्हणून मी तिच्या कडेला अशी टेकले होते की खरं तर पायांवरच उभी होते. आबाजींनी माझ्याच सहा पानांवरून प्रश्न काढले होते. कोणी विचारलं, बाईमाणूस पटात कशी काय? आबाजींनी मला विचारलं की तिकडे बाया जज असतात का. आदल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं म्हणून मला हो म्हणता आलं. दुसऱ्याने विचारलं, ही तर वर्ध्याला राहते. मी सांगितलं की पन्नास मैल म्हणजे ऐंशी किलोमीटर, वर्धा त्याच्या आत येतं.

“अन् पद आयुष्यभराचं म्हन्ता, मंग लग्न झाल्यावर?”

“लग्न पन्नास मैलाच्या आत करा लागन,” आबाजी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. आई हसली नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येक स्थळाचं अंतर मोजते. नागपूर बसते, अमरावती बसत नाही. पुण्याचा एक चांगला इंजिनीअर तिने याच कारणासाठी मनातून काढून टाकला. तेवढ्यापुरती मी अमेरिकेची ऋणी आहे.

मग खरा प्रश्न आला. तो झेंडीवाल्या पंचांनी विचारला. हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गेली कित्येक वर्षं आमच्या पटात सुटायची झेंडी तेच पाडतात. त्यांच्या निकालावर अपील होणार हे त्यांना आवडलेलं नव्हतं, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही आवडलं नसतं.

“हिच्या घरचं जनावर पटात नसलं पाह्यजे. हे कोन सांगनार?”

मी सांगणार होते. पण माझ्याआधी बाबा उभे राहिले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत. मुलगी लॉला घातली म्हणून याच लोकांनी त्यांची पुष्कळ थट्टा केली होती, पोरगी बापावरच केस टाकन वगैरे, तेव्हाही ते बोलले नव्हते. आता त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

“माह्या घरचा बैल या पटात नाई. पोरगी कोनाची बाजू नाई घेनार. मी जिम्मा घेतो.”

आमच्या गावात जिम्मा घेतो म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. मंजुरी मिळाली. मला मात्र त्या रात्रीपासून सेमिनारची भीती वाटेनाशी झाली, कारण तिची जागा दुसऱ्या भीतीने घेतली. सेमिनारमध्ये फजिती झाली असती तर ती माझी झाली असती. इथे बाबांचा शब्द पणाला लागला होता.

रविवारी, पटाच्या दिवशी, मी सकाळी आठलाच जाऊन बसले. कापूस निघून गेलेलं मोकळं वावर, दोन्ही बाजूंना बांबू आणि दोरखंड, एका टोकाला माझं टेबल. टेबलावर रजिस्टर, पाण्याची बाटली आणि भोंग्याचा माईक. नियमांचा कागद मी स्वतः लिहून ठेवला होता. पहिले तीन तास कोणी फिरकलं नाही. एक बाई हरवलेलं लेकरू विचारायला आली आणि एकाने पंपाच्या वायरमनची तक्रार दिली. ती माझ्या अधिकारक्षेत्रात येत नाही असं मी त्याला समजावलं. तो म्हणाला, “मंग बसल्या कायले?”

दुपारी पहिलं अपील आलं. समुद्रपूरकडच्या एका जोडीवाल्याचं. सडपातळ, पन्नाशीचा माणूस, एका हाताने जोडीचा कासरा धरून टेबलासमोर उभा राहिला. बैल सजवलेले होते, शिंगं रंगवलेली, कपाळावर मोठे गोंडे. त्याचं म्हणणं साधं होतं. नियम असा, की झेंडी पडायच्या आधी जोडी सुटली तर एकदा माफ, दुसऱ्यांदा बाद. त्याची जोडी आधी सुटली, पण एकदाच. पंचांनी थेट बाद केली.

पंच म्हणाले की आदल्या संध्याकाळच्या सरावात ही जोडी एकदा आधी सुटली होती, ते त्यांनी मोजलं.

“डाव्या बाजूचा म्हातारा होऊन राह्यला जी,” जोडीवाला मला म्हणाला. “हा त्याचा शेवटचा पट. दीड वर्स मी हे जोडी बनवून राह्यलो. मले पहिला नंबर नाई पाह्यजे, मले पळवाची हाय.”

मी तीनदा विचार केला, आबाजींनी सांगितल्याप्रमाणे. तीनही वेळा उत्तर एकच आलं. सराव म्हणजे शर्यत नव्हे. पण निकाल द्यायच्या आधी नियम वाचून दाखवावा असं मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून मी उभी राहिले, माईक घेतला, कागद समोर धरला आणि वाचायला लागले. घाबरल्यामुळे माझा आवाज आपोआप जुन्या सुरात गेला. तोच गोठ्यातला, नागरिकशास्त्राचा, प्रत्येक ओळीच्या शेवटी वर जाणारा सूर.

तिसऱ्या नियमाला उजवीकडच्या बैलाने कान ताठ केले. चौथ्याला त्याने मान वळवली. पाचव्याला तो मालकाला आणि म्हाताऱ्या बैलाला ओढत टेबलापाशी आला, रजिस्टर नाकाने बाजूला सारलं आणि माझ्या ओढणीचं टोक तोंडात घेतलं.

मी त्याला ओळखलं नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते. गोंड्याखाली कपाळावर आमच्या गोऱ्ह्याचा तो चिंचोक्याएवढा काळा डाग होता. मी हाताने गोंडा वर केला, तो सुटून माझ्या खुर्चीवर पडला, आणि डाग दिसला. बैल इतका मोठा झाला होता, आणि मी त्याला दोन वर्षं आपल्या आठवणीत गोऱ्हाच ठेवला होता.

माईक चालूच होता. बैलाचं चघळणं सगळ्या शिवाराला ऐकू जात होतं.

पंच शांतपणे म्हणाले, “जजले हे पार्टी वळखीची दिसते.”

मागून कोणी हसलं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण ओढणी बैलाच्या तोंडात होती. मी गर्दीत बाबांना शोधलं. ते दोरखंडापाशी उभे होते आणि त्यांचा चेहरा पाहून कळलं की त्यांनाही आत्ताच कळलं आहे. बाजारातून एका दलालाने बैल नेला होता, पुढे तो कोणाकडे गेला ते आम्हाला माहीत नव्हतं. पण हे कोणाला सांगणार? तीन-चार दिवसांपूर्वी घेतलेला जिम्मा सगळ्यांनी ऐकला होता.

मला निकाल माहीत होता, तो बरोबर होता, आणि आता तो मला देता येत नव्हता. दिला असता तर उद्या गावात म्हटलं असतं, बैल यांचाच, पोरगी यांचीच. दिला नसता तर समुद्रपूरच्या माणसाची जोडी न पळताच परत गेली असती, कारण दुसरा जज नव्हता. तीन जज का बसवतात हे मला वहीतून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं.

मी माईकमध्ये म्हटलं, “मला येतं, पण.” आणि थांबले. खरंच तेच शब्द आले. मग पुढचंही बोलावं लागलं, कारण खाली बसायला जागा नव्हती, खुर्चीवर बैलाचा गोंडा पडला होता. मी सांगितलं की हा गोऱ्हा आमच्या गोठ्यात जन्मला, मी याला ओळखलं नाही, यानेच मला ओळखलं, म्हणून या अपिलावर मी निकाल देऊ शकत नाही. प्रश्न मात्र एवढाच आहे की सराव मोजायचा की नाही. तो दुसऱ्या कोणीतरी सोडवावा.

“दुसरा कोन?” आबाजींनी विचारलं.

तेवढ्यात बाबा दोर ओलांडून आले. त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला, कसा धरायचा ते न कळून उलटा धरला, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

“मी देवळापुढं जिम्मा घेतलता का माह्या घरचा बैल नाई. हा माह्याच घरचा होता. माह्यानं वळखू आला नाई. माहा शब्द खोटा पडला. पोरीचा काई दोष नाई.”

“कास्तकार असून बैल नाई वळखत,” कोणीतरी म्हणालं, आणि या वेळी बरेच हसले. बाबा तिथेच उभे राहिले. शेतकऱ्याला याहून वाईट काही म्हणता येत नाही, आणि ते ऐकून घेण्यासाठीच जणू ते टेबलापाशी आले होते.

पंच बराच वेळ हातातली झेंडी गुंडाळत आणि उलगडत होते. एसटीत असताना सुटे पैसे नसलेल्या प्रवाशाकडे पाहायचे तसं त्यांनी आधी बाबांकडे आणि मग जोडीवाल्याकडे पाहिलं.

“यानं भर पटात आपली चूक मानली,” ते आबाजींना म्हणाले. “मंग मी काऊन मानू नोको. सराव मोजाले नोको होता मी. सोडा जोडी.”

जोडी सोडायला मात्र वेळ लागला, कारण माझी ओढणी सुटत नव्हती. शेवटी टोक कापलं. ते दोघे पळाले. म्हातारा शेवटच्या टप्प्यात मागे पडला, नंबर सातवा की आठवा आला. समुद्रपूरचा माणूस जाताना टेबलाजवळून गेला आणि त्याने बाबांना हात जोडले.

सोमवारी सेमिनार झाला. पहिली चार मिनिटं मी सहा पानं पाठ म्हटली आणि पाचव्या मिनिटाला विसरले. मॅडमनी मदत म्हणून विचारलं, न्यायाधीशाने एखाद्या खटल्यातून बाजूला कधी व्हावं? मी उरलेली अकरा मिनिटं बैलाबद्दल बोलले. वर्ग हसत होता, पण शेवटपर्यंत ऐकत होता. मॅडमनी शेरा दिला, ‘विषयांतर, परंतु विषय समजलेला आहे’. हॉस्टेलमधलं माझं नाव बदललं. नवीन नाव मी इथे लिहीत नाही.

मला वाटलं होतं आमचं कोर्ट बंद पडेल. पण समितीच्या बैठकीत कोणी विषय काढला तेव्हा आबाजी म्हणाले की वागणूक चांगली असेस्तोवर पद राहते, आणि पोरीने सगळ्यांपुढे खरं सांगितलं, तर वागणूक चांगलीच म्हणायची. दुसरे दोन जज शोधायचे ठरले. त्यातले एक झेंडीवाले पंचच झाले, आणि त्यांच्या जागी झेंडीला नवीन माणूस आला. बाबांना पुन्हा जिम्मा घेता का विचारलं, तर ते नाही म्हणाले. आधी हिला सगळे बैल पाहू द्या, मग बोलू, असं त्यांचं म्हणणं. जो बैल ओळखीचा निघेल त्याच्या अपिलात मी बसायचं नाही, हे नियमांच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलं गेलं.

म्हणून या जानेवारीत सकाळी सातला, पट सुरू व्हायच्या आधी, मला सगळ्या जोड्यांपुढून नेण्यात आलं. प्रत्येक बैलापुढे थांबून मी नियमांचा कागद त्या जुन्या सुरात वाचायची आणि ओढणी पुढे करायची. मागे बाबा, त्यांच्या मागे रजिस्टर घेतलेले पंच. बहुतेक बैलांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकाने शिंकून ओढणी ओली केली. लोक चहा पीत बघत होते. एखादी नवरी दाखवायला आणावी तसं ते होतं, फरक एवढाच की नापसंत होणं इथे चांगलं होतं.

एकविसाव्या जोडीत तो होता, नवीन जोडीदाराबरोबर. समुद्रपूरच्या माणसाने कासरा सैल केला. मी पहिला नियम पुरा वाचायच्या आत ओढणी गेली.

या वेळी बाबांना कोणी गोंडा वर करून दाखवावा लागला नाही. जोडी शिवारात येतानाच, लांबून, त्याच्या चालीवरून, त्यांनी त्याला ओळखलं होतं. ते पंचांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “लिव्हा. हा वळखीचा हाय.”